मिठाच्या पाण्याचा उजेड

मी तमाशाची लाईटवाली. इंद्रायणी नाव माझं. नारायणगावात कुणाला बी विचारा, शेंबडं पोर माझं दुकान दाखवील. बा माझा फडात गॅसबत्त्या पेटवायचा, पुढं बल्ब आले तवा बल्ब लावायला लागला, आणि त्याच्या मागं मी. पोरानं धंदा घ्यावा अशी त्याची लई इच्छा व्हती, पण पोरगा म्हंजे माझा भाऊ बहिरू, नुसती उघडी वायर बघून थरथरायचा. मग मीच शिकले. तर असल्या बाईला कळंबजवळच्या नव्या चर्चमधी उजेड करायला बोलावलं, हे ऐकून निम्म्या तालुक्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. झोंबू द्या. तिथं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय, आणि ते मीच सांगणार. पेपरात आलं त्यातलं अर्धं बी खरं न्हाई.

हर्षालीपासून सुरू करते, कारण जे झालं ते तिच्या जिवासाठी झालं. बहिरूची थोरली लेक, माझी भाची. संपतला दिलेली. संपत टोमॅटोची पिकअप चालवायचा, दिसायला देखणा, बोलायला गोड. तो दारू प्यायचा म्हणून मारायचा असं कुणी म्हणलं तर ऐकू नका. थेंबाला शिवायचा न्हाई मेला. शुद्धीत मारायचा, आणि मारून झालं की हातपाय धुऊन जेवायला बसायचा.

दोन हजार चार सालची गोष्ट. सकाळी दुकानाचं शटर उघडलं तर ही पोरगी पायरीवर बसलेली. कानाला रुमाल धरलेला, रुमाल लाल भडक. मी हात बाजूला केला तर कानाची पाळी फाटून दोन तुकडे लोंबत व्हते. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून त्यानं डूल धरून ओढलं व्हतं. एवढ्यावरून! मी तिला दवाखान्यात नेलं, टाके घातले, आणि बहिरूला बोलावून घेतलं. तो आला आणि म्हणतो कसा, "आक्का, चार दिस ठिव आणि धाडून दे. संसारात व्हतंच असं."

मी त्याच्या मुस्काटात दिली. धाकटा हाये माझा, चालतं. त्याला म्हणलं, "बहिऱ्या, ही आता माझ्याकडं ऱ्हाणार. तिला न्यायला कुणी आलं तर आधी माझ्याशी गाठ हाये." तो गाल चोळत निघून गेला. हर्षाली त्या दिवसापासून माझ्या हाताखाली कामाला लागली.

आता चर्चचं सांगते. चर्च म्हणलं की मला टोकदार दगडी बांधकाम आठवायचं. हे तसलं न्हाई. उघड्या काँक्रीटच्या दोन उंच भिंती, वर एकमेकींकडं कललेल्या, आणि मधी लांबच लांब फट. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं कांद्याची चाळ बांधायला घेतली आणि अर्ध्यात सोडली. पण आत पाऊल टाकलं की माणूस आपसूक हळू बोलायला लागायचा. तिथले पाळक शांतवन, म्हातारा सज्जन माणूस, त्यांच्या मंडळीनं जुनं पत्र्याचं शेड पाडून हे उभं केलं व्हतं. मंडळी म्हंजे त्यांच्यातले चर्चला येणारे लोक. उजेडाचं काम काढून दिलं पुण्याच्या अमृतानं. तिशीतली पोरगी, केस बारीक कापलेले, ह्याच विषयाचं शिक्षण घेतलेलं. हुशार, आणि हट्टी बी तेवढीच. आमचं पहिल्या दिवशीच वाजलं.

ती म्हणली, "ताई, दिवा दिसता कामा नये. नुसता उजेड दिसला पाहिजे."

मी म्हणलं, "बाई गं, आमच्यात दिवा दिसला न्हाई तर लोक म्हणतात हिनं लाईट लावलीच न्हाई."

ती हसली. मग तिनं मला भिंतीच्या खोबणीत हॅलोजन कसे लपवायचे ते दाखवलं. भक्तीला, म्हंजे त्यांच्या प्रार्थनेला, सुरुवात व्हताना आत जवळजवळ अंधार पाहिजे. मग पुढच्या मेजावर, जिथं ते भाकर न् द्राक्षरस ठेवतात, तिथं उजेड चढत जायचा. इतका सावकाश चढायचा की तो कधी आला ते कुणालाच कळू नये. ह्याला डिमर लागतो. पुण्याहून भारीतला इलेक्ट्रॉनिक डिमर आला, आणि तिथंच माशी शिंकली. पाळकांचा जावई खोडदला, त्या मोठमोठ्या छत्र्यांच्या दुर्बिणीवर नोकरीला. तो म्हणला, असला डिमर लावला की त्याची खरखर आसपास पसरती, आणि आमी तिथं आभाळातलं लई बारीक ऐकत बसलेलो असतो. कृपा करून लावू नका. अमृतानं कपाळाला हात लावला. उजेड चढवायचा तरी कसा मग?

मी म्हणलं, "माझ्याकडं मिठाचे डिमर हायेत."

बाचे व्हते ते. आता फडात बी मशिनी आल्या, पण मी ते टाकले नव्हते. चिनीमातीच्या जाड पाईपाचा कमरेएवढा तुकडा, खालून बंद केलेला. आमी त्याला बरणी म्हणतो. आत पाणी, पाण्यात मूठभर मीठ. तळाला एक तांब्याचा पत्रा, त्याला खालून लाईटची वायर. दुसरा पत्रा वरून दोरीनं टांगलेला, त्याची वायर दिव्याला. दोरी सैल सोडली की वरचा पत्रा खालच्याच्या जवळ जातो आणि दिवा फुलत जातो. वर ओढला की मालवत येतो. खरखर न्हाई, काय न्हाई. पाणी तेवढं कोमट व्हतं आणि बारीक बुडबुडे येतात.

अमृतानं बघितलं आणि किंचाळलीच, "ताई, हे उघडं पाणी जिवंत आहे! कुणाचा तरी जीव जाईल!" मी म्हणलं, आधी उजेड बघ. हर्षालीनं दोरी सोडली. मेजावर उजेड आला, यायला लागला, येतच ऱ्हायला. अमृता खाली फरशीवर बसली.  मग उठली आणि कडक नियम घातले. बरण्या मागच्या भिंतीपाशी ओट्यावर, भोवती लोखंडी कठडा, कठड्याला पक्कं अर्थिंग. चालवणाऱ्या बायांनी लाकडी फळीवरच उभं ऱ्हायचं, पायात रबरी चप्पल. मेन स्विच हाताच्या अंतरावर. चर्चमधी सगळे चपला बाहेर काढून येतात, पण आमा दोघींना पाळकांनी परवानगी दिली.

एका गोष्टीवर मात्र आमचं शेवटपर्यंत जमलं न्हाई. अमृताला मंडळी अंधारात बसलेली पाहिजे व्हती. म्हणायची, "ताई, देवापुढं माणसाला एकटं बसता आलं पाहिजे. शेजारी आपल्याला बघतोय हे विसरता आलं पाहिजे."

मी म्हणलं, "मी जन्मभर अंधारातलं पब्लिक बघितलंय गं. अंधारात बसलेला माणूस लई धीट असतो. फडात एखादा पैसेवाला दांडगट स्टेजवर चढून पोरीचा हात धरायचा, आणि खाली बसलेले शिट्ट्या मारायचे. तवा माझा बा काय करायचा म्हाईत हाये? सगळे गॅसचे हंडे पब्लिकवर फिरवायचा. तोंडं दिसायला लागली की ह्याला त्याची लाज वाटायची. मग दोघं-चौघं उठायचे, त्या दांडगटाला खाली ओढायचे. उजेड माणसाला उठवतो."

अमृता म्हणली, "हे चर्च आहे ताई. इथं कोण कुणाचा हात धरणार?"

तरी माझं मन राखायला तिनं मंडळीवरच्या दिव्यांना वेगळी बरणी दिली. मेजाची बरणी हर्षालीकडं, मंडळीची माझ्याकडं. पोरीचा हात माझ्यापेक्षा सरस. ती दोरी अशी सोडायची की बघणाऱ्याला वाटावं तिनं हातच हलवला न्हाई. कान भरून येत व्हता, पोरगी कधीमधी हसायला लागली व्हती. मला बरं वाटायचं.

आणि एका दुपारी संपत तिथं आला. हर्षाली शिडीवर चढून वरच्या खोबणीत दिवा बसवत व्हती. तो सरळ आत आला, एक शब्द बोलला न्हाई, आणि शिडीला लाथ घातली. पोरगी धाडकन फरशीवर. मनगट मोडल्याचा आवाज मी लांबून ऐकला. ती उठायच्या आत त्यानं वायरीचा लोखंडी पाईप उचलला आणि तिच्या पाठीवर, मांडीवर, जिथं लागेल तिथं हाणायला लागला. गवंडी व्हते, सुतार व्हते, पॉलिशवाले व्हते. सगळे हातातलं काम धरून बघत उभे. मी पळत गेले आणि हातातली पक्कड त्याच्या तोंडावर हाणली. नाकाचं हाड गेलं त्याच्या. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर उडाली. नाक धरून तो मागं सरला आणि म्हणला, "म्हातारे, तुला बी संपवीन आणि हिला बी. ती माझी हाये."

चौकीत गेलो तर तिथल्या हवालदारानं पेन खाली ठेवलं. नवराबायकोचं भांडण हाये, मिटवून घ्या म्हणला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण कुणाला काय सांगणार? पाळक शांतवन मात्र स्वतः संपतच्या घरी गेले. परत आले ते डोळे पुसत. "इंद्रायणीबाई, तो माझ्या पायाशी बसून रडला हो. मी त्याला चर्चच्या समर्पणाला बोलावलंय. देवाच्या घराचं दार कुणाला बंद करायचं नसतं."

मी म्हणलं, "पाळकसाहेब, तुमी देवमाणूस. तो रडतो पण चांगला, मारतो पण चांगला. दारावर माणूस ठेवा." त्यांनी मान हलवली. माणूस काय ठेवला न्हाई.

समर्पण म्हंजे त्यांच्यातलं उद्घाटन, त्याचा दिवस नाताळच्या आधीचा रविवार. संध्याकाळी चर्च गच्च भरलं. बाहेर चपलांचा खच, आत माणसं खांद्याला खांदा लावून. अमृता पुण्याहून आली, पुढं भिंतीला टेकून बसली. हर्षालीचा हात प्लास्टरमधी, पण बोटं मोकळी. आमी दोघी कठड्याच्या आत फळ्यांवर उभ्या. मी माझ्या बरणीची दोरी हळूहळू वर ओढून मंडळीचा उजेड मालवला. माणसं गप झाली. मग हर्षालीनं दोरी सोडायला सुरुवात केली. काय सांगू राव! मेज अंधारातून असं वर आलं, भाकरीचा रंग दिसायला लागला, पांढऱ्या कापडाच्या घड्या दिसायला लागल्या. पुढं एक म्हातारी रडायला लागली. माझ्या बानं बघायला पाहिजे व्हतं असं वाटलं. 

तेवढ्यात आमच्या बाजूचं दार उघडलं. संपत आला. आता हे ऐका, हे मी कधी विसरणार न्हाई. त्या माणसानं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. भिंतीला लावून नीट, एकीशेजारी एक ठेवल्या. वाकून उंबऱ्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. बायकोला मारायला आलेला माणूस, पण देवाच्या घरात चपला घालून यायचं त्याच्या मनात बी आलं न्हाई. क्षणभर मला वाटलं, पाळक खरं बोलत व्हते, सुधारला हा.

मग त्यानं शर्टाच्या आतून कोयता काढला.

कठड्यावरून टांग टाकून तो आत आला आणि पहिला वार माझ्यावर केला. मी हात आडवा धरला. कोपराखाली मांस उघडं पडलं, पांढरं हाड दिसलं, मग रक्तानं सगळं भरलं. मी फळीवर बसले. त्यानं हर्षालीचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं कठड्याच्या लोखंडी पट्टीवर आपटलं. एकदा. परत. परत. चर्चमधी तो आवाज घुमला. अंधारात माणसं माना वळवून बघायला लागली, "काय झालं, काय झालं" कुजबूज उठली. पुढं पाळक ओरडले, "बाळा, थांब! थांब बाळा!" पण जागचे हलले न्हाईत.

मला बाची आठवण झाली. चांगल्या हातानं मी माझ्या बरणीची दोरी सोडून दिली. सगळीच. पत्रा खळकन तळाशी गेला आणि मंडळीवरचे सगळे दिवे एकदम पेटले. दोनशे तोंडं दिसायला लागली. मी बोंबलले, "बघताय काय भडव्यांनो! उठा! मारतोय तो तिला! उठा!"

दिसत व्हते सगळे. पिकलेल्या मिशांचे बाप्ये, तालमीत जाणारी दांडगी पोरं, शाळामास्तर. सगळ्यांना सगळे दिसत व्हते. एक जण अर्धा उठला. संपतनं त्याच्याकडं वळून बघितलं आणि साधं, शांतपणे म्हणला, "माझी बायको हाये." तो माणूस खाली बसला.

बसला हो! एवढ्या तीन शब्दांना बसला. बाकीचे मूग गिळून आपल्या गुडघ्यांकडं बघत ऱ्हायले. अमृता एकटी गर्दीतून वाट काढत धावत येत व्हती, पण लोकांनीच तिचा हात धरून तिला थांबवलं, "ताई, तुम्ही मध्ये पडू नका." बा माझा चुकला व्हता. उजेडानं कुणी उठत न्हाई.

संपतनं हर्षालीला लाथ घालून दूर तिच्या फळीवर फेकली आणि माझ्याकडं वळला. "आता तू, म्हातारे." एका हातात कोयता, दुसऱ्या हातानं कठडा घट्ट धरलेला, कारण फरशीवर माझ्या रक्तानं पाय घसरत व्हता. मी फळीवर बसलेली, उठायची ताकद न्हाई. डोळे मिटून घ्यावेत असं वाटलं, पण मी मिटले न्हाईत. आणि म्हणून मला हर्षाली दिसली.

ती भिंतीला धरून फळीवर उभी ऱ्हायली व्हती. एक डोळा रक्तानं बंद झालेला. दुसऱ्या डोळ्यानं ती खाली बघत व्हती. त्याच्या पायांकडं. उघड्या पायांकडं. चांगलं निरखून बघितलं तिनं. मग चप्पल घातलेला पाय बरणीला लावला आणि सगळं अंग टाकून बरणी पाडली.

बरणी फुटली. खारं पाणी फरशीवर पसरलं, तळाचा जिवंत पत्रा त्या पाण्यात. मेजावरचा उजेड फटदिशी गेला. माणसांवरचा मात्र व्हता तसाच. संपतच्या पायाखाली पाणी गेलं आणि कोयता हातातून उडाला. अर्थिंगचा कठडा धरलेली मूठ मात्र सुटली न्हाई. ती सुटतच न्हाई, उलट आवळत जाती. मान मागं वळली, दातावर दात बसले, जिभेचा तुकडा पडून हनुवटीवरून रक्त ओघळलं. घशातून असा आवाज यायला लागला की तो माणसाचा वाटत नव्हता. पाय जागच्या जागी थडथड नाचत व्हते. आणि फ्यूज उडेल म्हणाल तर, फ्यूजला माणसाचं काय सोयरसुतक? नुसत्या माणसानं फ्यूज उडत न्हाई.

"मेन पाड!" मी ओरडले. "हर्षे, मेन पाड!"

तिचा हात मेनच्या दांडीवर व्हता. आधीपासूनच व्हता. ती दांडी धरून उभी व्हती आणि त्याच्याकडं बघत व्हती. पाडत नव्हती. दोनशे माणसं बघत व्हती, आणि उजेड सगळा त्यांच्याच तोंडावर. मी परत ओरडले की न्हाई ते मला आठवत न्हाई. त्याचे गुडघे वाकले, आवाज बंद झाला, जळक्या चामड्याचा वास आला. तवा तिनं दांडी खाली ओढली. मग सगळीकडं अंधार झाला, आणि त्या अंधारात माणसं किंचाळत दाराकडं पळाली.

संपत जागीच गेला. माझ्या हाताला टाके पडले, हर्षालीच्या डोक्याला बी. दुसऱ्या दिवशी फौजदार साहेबानं सगळ्यांना परत चर्चमधी बोलावलं. उन्हं वरच्या फटीतून आत आलेली, फरशीवर मीठ वाळून पांढरं झालेलं. साहेब एकेकाला विचारत गेला. काय बघितलं?

"अंधार होता साहेब. काही दिसलं नाही."

"दिवे गेले ना. काय कळलंच नाही."

पाळकांनी खाली मान घालून सांगितलं, "मी डोळे मिटून प्रार्थना करत होतो."

मला राग आला, पण खरं सांगते, तेवढंच बरं बी वाटलं. आदल्या दिवशी ज्या भ्याडपणानं ते बसून ऱ्हायले, त्याच भ्याडपणानं आता माझी पोरगी सुटणार व्हती. एवढंच पाहिजे व्हतं मला. पोरगी सुटली पाहिजे, मग जग गेलं खड्ड्यात. माझी पाळी आली तवा मी छातीठोक सांगितलं, "त्याचीच लाथ लागली साहेब बरणीला. मी बघितलं."

साहेबानं लिहून घेतलं आणि हर्षालीला विचारलं, "असंच झालं ना?"

ती म्हणली, "न्हाई."

 मी तिचा दंड धरला, चिमटा काढला, "गप बस कारटे" म्हणलं. तिनं माझा हात सोडवला.

"बरणी मी पाडली साहेब. त्याचे पाय बघून पाडली. आत्याला तोडत व्हता तो. अंधार नव्हता. लख्ख उजेड व्हता, आत्यानंच केला व्हता. ह्या सगळ्यांना सगळं दिसत व्हतं. सासरी मार खायचे तवा शेजारी असंच म्हणायचे, आमाला काय ऐकू आलं न्हाई. आता परत न्हाई मी ऐकून घेणार ते. मला मारलेलं बी ह्यांनी बघितलं आणि मी मारलेलं बी बघितलं."

 साहेबानं लिहून घेतलं. मग म्हणला, "मेनवर हात तुझाच होता?"

"व्हय."

"मग लगेच का नाही पाडला? तो अडकला होता. तू वाचली होतीस, तुझी आत्या वाचली होती."

हर्षालीनं लई वेळ विचार केला. खोटं काय सांगावं म्हणून न्हाई. खरंच आठवत व्हती ती.

"पाडला असता तर तो उठला असता," ती म्हणली.

 झालं, मी मनात म्हणलं, घातला पोरीनं स्वतःच्या गळ्यात फास. मला तिच्या थोबाडीत मारावंसं वाटत व्हतं आणि तिला पोटाशी धरावंसं बी वाटत व्हतं. तेवढ्यात मधल्या बाकावरून एक बाई उठली. जानकाबाई. मंडळीतलीच, फुलं लावायला यायची, आमच्याशी कधी दोन शब्द बोलली नव्हती. शेजारी तिचा नवरा, चांगला भारदस्त माणूस. तो तिचा पदर ओढायला लागला.

"लिहा साहेब," ती म्हणली. "मी बघितलं. उजेड व्हता. पोरगी बोलती ते खरं हाये. उठला असता तो. उठतात साहेब. आपल्याला वाटतं आता थकला, आता झोपला, आता संपलं. परत उठतात."

नवरा दात चावत म्हणला, "खाली बस."

ती बसली न्हाई. साहेबानं लिहून घेईपर्यंत उभी ऱ्हायली.

खटला उभा ऱ्हायला आणि बरीच वर्षं चालला. जानकाबाई सोडून मंडळीतल्या एकानं बी शेवटपर्यंत काय बघितलं न्हाई. चर्चमधी आता ट्यूबलाईटी हायेत, अमृताला गर्दीत धरून ठेवल्यामुळं बरणी पडताना दिसली न्हाई, आणि ती परत तिकडं फिरकली न्हाई. हर्षाली सुटली, आज माझ्याच दुकानात बसती. जीव वाचवायला केलं असं धरून कोर्टानं तिला सोडलं, ते त्या एका बाईच्या जबानीवर. पहिल्या तारखेला जानकाबाई एसटीनं एकटी आली तवा मी तिला ओळखलंच न्हाई. डावा डोळा पार सुजून मिटलेला, ओठ फाटलेला. मी म्हणलं, "बाई, परत जा, पुढच्या तारखेला ये." ती म्हणली, "पुढच्या तारखेला बी असंच असंल." आणि तशीच आत गेली, आणि एका डोळ्यानं जज्जसाहेबाकडं बघत सगळं सांगितलं.